माझा अनुभव : लेबलवरची तुटलेली शिरोरेषा

आमच्या गावातील महिला बचत गटाच्या जवस चटणीची आणि तूर डाळीची लेबले मी इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार केली. रंग, चित्र, निव्वळ वजन, १४ अंकी परवाना क्रमांक हे सारे विनासायास जागेवर बसले. अडचण आली ती तालुक्याच्या गावी, छपाईच्या दुकानात, आणि तिचा राग अजून पुरता गेलेला नाही.

दुकानातील ऑपरेटरने फाइल आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि 'जवस चटणी' हे नाव पट्टीच्या दोन्ही कडांपर्यंत पोचावे म्हणून अक्षरांमधील अंतर वाढवले. त्याबरोबर शिरोरेषा तुटली; ज, व, स हे तिघेही एकमेकांशी संबंध नसल्यासारखे उभे राहिले. मी ते दाखवले, तर "मराठी फॉन्टमध्ये असंच येते जी," एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. रोमन अक्षरे मुळातच सुटी असतात, त्यामुळे त्यांच्यात अंतर वाढवले तरी शब्द शाबूत राहतो. देवनागरी फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षरावरची रेषा शेजारच्या अक्षराला भिडेल एवढीच आखलेली असते, आणि मध्ये घातलेली फट भरून काढायला तिथे काहीच नसते. हे मी समजावून सांगत होतो, पण दुकानात लग्नपत्रिकांची आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सची गर्दी होती आणि मला दर वेळी "नंतर या" असे सांगितले जात होते. तिकडे शेतीच्या कामातून सवड काढून बायांनी कुटलेली चटणी पाकिटांत भरून तयार होती आणि केवळ लेबल नाही म्हणून विक्रीला जात नव्हती. शेवटी मी साध्या कागदावर दोन्ही नमुने, एक अंतर शून्य ठेवून आणि दुसरा अंतर वाढवून, छापून घेतले आणि थेट मालकांसमोर ठेवले. त्यांना बोलून पटवावे लागले नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

नाव रुंद दिसायला हवे असेल, तर अक्षरांना हात न लावता दोन शब्दांमधील अंतर वाढवावे, आकार मोठा करावा किंवा फॉन्टचे जाड वजन, म्हणजे अधिक ठळक रूप, घ्यावे. 'एक टाइप' या संस्थेच्या 'मुक्ता' या मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये ७ वजने मिळतात, तेवढी लेबलला पुरेशी आहेत.

घटक पदार्थांच्या मजकुरासाठी ओळींमधील अंतर इंकस्केपमध्ये मुळात अक्षरांच्या आकाराच्या १.२५ पट असते. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडू नयेत म्हणून मी ते १.५ केले. अरुंद चौकटीत मजकूर दोन्ही कडांना जुळवण्याचा मोह टाळावा, कारण 'वापरण्यापूर्वी' यासारखा लांब शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात. डावीकडून सरळ लावलेला मजकूरच वाचायला सुखद असतो.

दोन लेबलांची नावे एका रेषेत आणताना वरच्या कडेने जुळवू नयेत. 'चटणी'ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, 'डाळ'मध्ये तसे काही नाही, त्यामुळे चौकटींच्या कडा जुळतात आणि शिरोरेषा मात्र खालीवर होतात. इंकस्केपच्या 'अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट' या जुळवणीच्या खिडकीत मजकुराच्या आधाररेषा, म्हणजे अक्षरे ज्यावर बसवलेली असतात त्या अदृश्य रेषा, जुळवण्याचे बटण आहे. फॉन्ट आणि आकार एकच असतील, तर तेच वापरावे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : दुकानात देण्याच्या प्रतीतील मजकूर 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून, म्हणजे अक्षरांचे नुसत्या आकारांत रूपांतर करून, द्यावा, म्हणजे तिथे तो फॉन्ट नसला तरी अक्षरे बदलत नाहीत. मूळ फाइल मात्र वेगळी जपावी, कारण पाथ केलेल्या मजकुरात नंतर टंकून दुरुस्ती करता येत नाही. अक्षरांना बाहेरून रेघ द्यायची असेल, तर आधी 'युनियन' करून ती जोडून घ्यावीत; नाहीतर शिरोरेषेवर प्रत्येक सांध्याची खूण दिसते. आता मी फाइलसोबत छापील नमुनाही देतो आणि त्यावर 'अक्षरांमधील अंतर शून्य, बदलू नये' असे लाल शाईने लिहितो.