जागच्या जागी सायकल मारून पोचता तरी कुठे?

हा प्रश्न मला सोसायटीच्या वॉचमनने विचारलाय, दूधवाल्याने विचारलाय, बँकेत डबा खाताना सहकाऱ्यांनी विचारलाय, आणि सासूबाई तर दर आठवड्याला नव्याने विचारतात. "आणि मागचं चाक कुठे गेलं गं त्याचं?" ही त्यांची पुरवणी. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चारजणींसमोर तोच विषय निघाला. "महिन्याला पैसेसुद्धा भरता म्हणे?" हातात तिळगूळ, तोंडात तिळगूळ, काय उत्तर देणार! आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा बैजवार लिहिते.

सरकारी उत्तर द्यायचं तर मी सॉलोमन बेटांवर पोचते. हे खरं आहे. मी वापरते ते झ्विफ्ट नावाचं अ‍ॅप २०१४ साली आलं. घरात आपण पेडल मारायचं, की पडद्यावरच्या रस्त्यावर आपल्या नावाची बाई सायकल चालवते. त्यात वाटोपिया नावाचं एक काल्पनिक बेट आहे, आणि अ‍ॅपवाल्यांनी ते पृथ्वीच्या नकाशावर प्रशांत महासागरातल्या सॉलोमन द्वीपसमूहातल्या एका खऱ्या बेटावर नेऊन बसवलंय. त्यामुळे राईड संपली की नोंदीत नकाशा उमटतो तो तिथला. माझ्या बहिणीने पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा फोन करून विचारलं, "तू ऑफिसच्या टूरवर आहेस का?" मी कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत, कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधल्या जागेत होते.

आधी ते यंत्र सांगते, म्हणजे चाकाचा उलगडा होईल. त्याला स्मार्ट ट्रेनर म्हणतात. सायकलचं मागचं चाक काढायचं, चेन थेट त्या यंत्राच्या गिअरांवर चढवायची. मी पेडलला किती जोर लावते ते ट्रेनर वॅटमध्ये मोजतो आणि ब्लूटूथवरून लॅपटॉपला कळवतो. अ‍ॅप माझं वजन, रस्त्याचा चढ, पुढे वारा अडवायला कोणाचा आडोसा आहे का, हे सगळं बघून पडद्यावरच्या बाईचा वेग ठरवतं. पडद्यावर चढ लागला की उलटा निरोप येतो आणि ट्रेनरच्या आतलं जड चाक चुंबकाने आवळलं जातं. पाय जड होतात. खोटा घाट, पण मांड्या खऱ्या भरून येतात. पन्नासाव्या वर्षी हे कळायला एक दिवस पुरला.

मी मुळात रस्त्यावरची. आमच्या कॉलेजच्या दिवसांत पुण्यात सायकल चालवायला छंद असावा लागत नसे, कॉलेजात जायचं असलं की पुरे. नंतर लग्न, नोकरी, स्कूटर. चाळिशीनंतर पुन्हा सायकल घेतली, रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायला लागले. मग २०२२च्या जुलैत, भर पावसात, रस्त्यावर मारलेल्या पांढऱ्या पट्ट्यावरून चाक घसरलं आणि मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या काळात यूट्यूबवर ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेमनची हकिगत पाहिली. २०१६च्या फेब्रुवारीत शर्यतीत पडून त्याचा हात मोडला. पाच आठवडे घरात ट्रेनरवर, याच अ‍ॅपवर त्याने सराव केला आणि एप्रिलमध्ये पॅरिस-रुबे जिंकली, ती दगडी रस्त्यांची भयंकर शर्यत. मी काही हेमन नव्हे. पण प्लास्टरवाल्या बाईला असं उदाहरण पुरतं. प्लास्टर निघायच्या आधीच ट्रेनर घरी आला. त्या पैशांत आणखी एक चांगली सायकल आली असती, हे यजमानांनी फक्त एकदाच ऐकवलं. एकदा पुरेसं होतं.

पहिल्या दिवशी मी पहाटे साडेपाचला बसले. सव्वासहाला दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. "पिठाची गिरणी घेतली का गं?" ट्रेनरचा आवाज खोलीत तसा फार नाही, पण त्याची घरघर फरशीतून खाली उतरते, आणि काकूंचा पलंग नेमका त्याखाली. रबराची जाड चटई घेतली, भागलं नाही. मग तिच्याखाली आईची जुनी गोधडी चौघडी करून घातली, तेव्हा कुठे गिरणी बंद झाली.

दुसरा धडा घामाचा. रस्त्यावर अंगावरून वारा जातो म्हणून घाम किती येतो ते कळतच नाही. घरात छताचा पंखा पाचवर असला तरी हँडलवर धार लागते. चांगला उभा पंखा, अगदी तोंडासमोर, हा अ‍ॅपपेक्षा महत्त्वाचा खर्च आहे. मला हे उशिरा कळलं. वर्षभराने सायकल सर्व्हिसिंगला नेली. मेकॅनिकने हँडलच्या बुडाचा बोल्ट काढायला घेतला, तो फिरेना. ठोकून ठोकून काढला तर तांबड्या गंजाचा पापुद्रा त्याच्या तळव्यावर. त्याने माझ्याकडे बघितलं. "ताई, सायकल कोकणात नेली होती का? खारं पाणी लागलंय." मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. आता हँडलवर जुना पंचा बांधते.

एक पाप कबूल करायचं राहिलं. अ‍ॅप सुरुवातीला वजन विचारतं. माझं होतं अडुसष्ट, मी लिहिलं बासष्ट. कोण बघायला येतंय! पण चढावर सगळा हिशेब किलोमागे किती वॅट याचा असतो. सहा किलो हलकी झालेली पडद्यावरची बाई घाट असा चढायला लागली की मला स्वतःचा अभिमान वाटू लागला. या अ‍ॅपात आल्प दु झ्विफ्ट नावाचा चढ आहे. फ्रान्सच्या प्रसिद्ध आल्प द्युएझवर बेतलेला, एकवीस वळणं, सव्वाबारा किलोमीटरच्या आसपास लांबी, चढाई १,०३६ मीटर. तो मी एक तास त्रेपन्न मिनिटांत चढले. यजमान इंजिनिअर. त्यांनी कागदावर वजन, उंची, वॅट मांडले आणि म्हणाले, "तुझ्या वजनाला दहा मिनिटं जास्त लागायला हवीत." वजन दुरुस्त केलं. पुढच्या खेपेला बरोबर दोन तास चार मिनिटं. आता लोक म्हणतात की पडद्यावर काय, कोणीही काहीही करेल. करतातच. यात वजन कमी लिहिणं हा जगभरचा जुना रोग आहे.

बाकी, "वजन कमी होतं का?" हा उपप्रश्न. तासभर सरासरी शंभर वॅट दिले तर ढोबळमानाने साडेतीनशे किलोकॅलरी जळतात. नंतर तुम्ही काय खाता ते अ‍ॅपला दिसत नाही.

पैशांचं म्हणाल तर झ्विफ्टचं अमेरिकेतलं मासिक शुल्क २०२४ मध्ये १४.९९ वरून १९.९९ डॉलर झालं. मायहूश नावाचं अबू धाबीचं अ‍ॅप चक्क फुकट आहे. रूव्हीवर खऱ्या रस्त्यांची चित्रणं असतात, ज्यांना डोंगर डोंगरासारखा दिसायला हवा त्यांच्यासाठी. ट्रेनररोडवर तर देखावाच नाही, नुसते निळे आलेख. मी सगळी थोडी थोडी चालवून पाहिली. खऱ्या चित्रणावर मला आठ दिवसांत कंटाळा आला. आल्प्सचं सुंदर दरीखोरं, आणि रस्त्यावर मी एकटी. कार्टूनसारख्या वाटोपियात मात्र कधीही जा, हजारो माणसं. प्रत्येकाच्या नावापुढे झेंडा. काचेच्या बोगद्यातून समुद्राखालून जावं, तर शेजारून जपानचा कोणी सुळकन निघून जातो आणि जाताना अंगठा दाखवतो. मी कुणाच्या तरी मागे आडोशाला लागते, तो बेल्जियमचा असतो, त्याला माझा पत्ताही नसतो, पण तो आहे तोवर माझे पाय थांबत नाहीत. एकटी असते तर विसाव्या मिनिटाला उतरून चहा टाकला असता. पैसे मी त्या बेल्जियमवाल्यासाठी भरते म्हणा ना.

यात सायकल चालवायला येते का? नाही. हे स्पष्ट सांगते, कारण आमच्या बँकेतल्या एका मुलीने सहा महिने घरात सराव करून थेट कात्रजचा घाट गाठला आणि उतारावर घाबरून सायकल हातात धरून खाली आली. माझीही तीच गत. प्लास्टरनंतर दिवाळीत पहिल्यांदा रस्त्यावर उतरले. पाय असे तयार की चढ जाणवेना, पण पहिल्याच वळणावर हँडल थरथरायला लागलं. घरात ब्रेकला हात लावायचाच नसतो, खड्डा चुकवायचा नसतो, मागून रिक्षा येत नाही. तोल ही गोष्टच तुम्ही विसरता. सायकलिंगची पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा डिसेंबर २०२०मध्ये याच अ‍ॅपवर झाली. पुरुषांत ती जिंकली जर्मनीच्या जेसन ऑस्बॉर्नने, आणि तो मुळात नौकानयनवाला! पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने वल्ही मारून रौप्यपदक मिळवलं. पाय आणि फुप्फुसं असली की इथे भागतं. रस्ता वेगळा.

आणि वीज. मे महिन्यात एकदा आल्पच्या अठराव्या वळणावर वीज गेली. म्हणजे चढून चढून तीन वळणं उरलेली नाहीत, तीन झालेली. वळणांचे आकडे तिथे उलटे उतरतात, एकवीसपासून एकपर्यंत. ट्रेनरचं चुंबक सुटलं आणि जिना उतरताना एक पायरी नसावी तसा पाय एकदम पोकळीत गेला. वायफाय गेलं, आजूबाजूची माणसं एका क्षणात नाहीशी झाली. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू. अंधाऱ्या खोलीत मी खोगिरावर, आणि पडद्यावर माझ्या नावाची बाई एक पाय जमिनीला टेकवून रिकाम्या घाटात उभी. इकडेतिकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. पंधरा मिनिटांनी वीज आली, ट्रेनर पुन्हा जोडला, आणि आम्ही दोघी निघालो. त्या दिवशी माथ्यावर पोचल्यावर बक्षिसाचं चक्र फिरवायला मिळतं त्यात हातमोजे लागले. पडद्यावरच्या बाईला.

आता खरं उत्तर, जे हळदीकुंकवाला देता येत नाही.

माझा भाचा कॅलगरीला असतो. तिथे डिसेंबरात दुपारी साडेचारला सूर्य मावळतो, रस्त्यावर बर्फ. त्यानेही बेसमेंटमध्ये ट्रेनर लावलाय. हिवाळ्यात आपली घड्याळं साडेबारा तास पुढे, म्हणून माझी रविवारची सकाळ सहा म्हणजे त्याची शनिवारची संध्याकाळ साडेपाच. अ‍ॅपमध्ये गटातल्या सगळ्यांना एकत्र धरून ठेवायची सोय आहे. तो माझ्या दुप्पट वॅट देतो तरी पडद्यावर आम्ही शेजारी शेजारी. फोन स्पीकरवर. दर रविवारी आल्प नाही, पण महिन्यातून एकदा नक्की.

आधी आम्ही व्हिडिओ कॉल करायचो. "कसा आहेस?" "मजेत." "जेवलास?" "हो." चेहरा समोर असला की त्याचं तोंड मिटायचं. सायकलवर दोघांच्या नजरा समोरच्या रस्त्यावर असतात. गेल्या वर्षी नवव्या वळणावर तो एकदम म्हणाला, "मावशी, माझी नोकरी गेली. तीन आठवडे झाले. आईला सांगू नकोस." एरवी मी त्याला सतरा प्रश्न विचारले असते, वर चार सल्ले. पण आठ टक्क्यांच्या चढावर माझा श्वास पुरत नव्हता. मी नुसतं "हं" म्हटलं. तो पुढे बोलत राहिला. सहाव्या वळणापर्यंत बोलला. मी चौदा-पंधरा वेळा "हं" म्हटलं असेल. आईला त्यानेच सांगितलं, दुसरी नोकरी लागल्यावर. माझी बहीण अजून माझ्यावर रुसलेली आहे.

परवाच्या रविवारी आल्प होता. शेवटची चार वळणं उरली होती, आठ वाजत आले होते, माझ्यात बोलायचंही त्राण नव्हतं. तिकडून तो मोजत होता. मला वाटलं, वळणं मोजतोय.

"तीन झाल्या, मावशी."

"काय तीन?"

"शिट्ट्या. तुझ्या कुकरच्या. काकांना सांग, गॅस बंद करा. वरण लागेल खाली."