शटल लागलं तेव्हा ती मागे बघत होती

ओपीडी संपत आली असताना सतरा वर्षांची एक मुलगी उजव्या डोळ्यावर रुमाल धरून आली. सोबत तिचा बॅडमिंटनमधला मिक्स्ड डबल्सचा जोडीदार, रडवेला. स्मॅश त्याचाच होता. ती नेटजवळ होती, शटल कुठे गेलं ते बघायला मागे वळली आणि ते थेट डोळ्यावर बसलं. "आधी धूसर दिसत होतं, आता बरं वाटतंय," ती म्हणाली. बाहेरून फक्त पापणी सुजलेली.

स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रासमोर बसवलं, तर बुबुळाच्या पुढच्या जागेत रक्त साचलेलं. डोळ्याचा दाब ३२. एरवी तो १० ते २१ असतो.

फुटबॉल लागला तर खोबणीचं हाड बराचसा मार झेलतं. शटलच्या बुचाचा व्यास मात्र २५ ते २८ मिलिमीटर. ते हाडाला न लागता सरळ डोळ्यावर येतं. स्क्वॉशचा ४० मिलिमीटरचा मऊ चेंडूही दबून तसाच आत शिरतो.

थेंब सुरू केले, डोळ्यावर कडक कवच लावलं, उशी उंच ठेवून पडून राहायला सांगितलं. दुखलं तरी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायची नाही, हेही बजावलं. पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त असू शकतो. ते दिवस मी रोज धास्तीने तिचा डोळा तपासत होते.

"मी तर चष्मा लावूनच खेळतो," जोडीदार म्हणाला. साधा चष्मा! त्याची काच फुटली तर तुकडे डोळ्यात जातात. खेळासाठी पॉलिकार्बोनेट या सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकची भिंगं आणि खेळासाठीच बनवलेली फ्रेम लागते, नंबर नसला तरी. आणि पुढच्या खेळाडूने मागे वळायचं नाही, रॅकेट चेहऱ्यासमोर वर ठेवायची, हे डबल्स शिकवताना पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

रक्त ओसरलं, पडदा शाबूत निघाला. पण डोळ्यातलं पाणी जिथून झिरपून बाहेर जातं, त्या कोपऱ्याला आतून चीर गेली होती. "आता सगळं दिसतंय, मग दर वर्षी कशाला यायचं?" तिने विचारलं. अशा डोळ्यात कित्येक वर्षांनी दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो दुखत नाही, म्हणून. केसपेपरवर दर वर्षी दाब तपासायचा असं लिहिलं. किती वर्षं ते लिहिलं नाही. ही तपासणी आता तिला जन्मभर करायची आहे.