अकागी (जपानी विमानवाहू जहाज) १/७०० मॉडेल अपडेट: डेक जवळजवळ रिकामा ठेवतोय, फुचिदांचं ऐकत नाहीये

डेकचा रंग झाला एकदाचा, मागच्या टोकाच्या पट्ट्यांची मास्किंग टेप काढली तर रेषा एकदम स्वच्छ आल्यात. आता खरा प्रश्न, विमानं कुठे आणि किती चिकटवायची? सीन ठरलाय: जपान-अमेरिकेची मिडवेची लढाई, ४ जून १९४२, सकाळी सव्वादहाच्या सुमाराला.

जपानी नौदलाचे वैमानिक मित्सुओ फुचिदा यांच्या पुस्तकात जे चित्र आहे ते सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, डेक विमानांनी खच्चून भरलेला, इंजिनं सुरू, अजून पाच मिनिटं मिळाली असती तर सगळी उडाली असती आणि तेवढ्यात वरून अमेरिकन डाइव्ह बॉम्बर आले. वाचायला जबरदस्त. पण मी तसं बनवणार नाही.

मला पहिला संशय आला तो मिनोरु गेंदांमुळे. ते आणि फुचिदा एटाजिमाच्या नौदल अकादमीत एकाच तुकडीत, पर्ल हार्बरच्या वेळी दोघं अकागीवरच, प्लॅनचं बरंचसं डोकं गेंदांचं आणि हवेतलं नेतृत्व फुचिदांचं. युद्धानंतर फुचिदा सांगायचे की परत आल्यावर आपण ब्रिजवर आणखी एका हल्ल्यासाठी खूप आग्रह धरला, आणि गेंदांनी ते साफ नाकारलं, असा प्रस्ताव आलाच नव्हता म्हणाले. स्वतः तिथे हजर असलेला बॅचमेट असं म्हणतो तेव्हा मला ते कुठल्याही इतिहासकाराच्या टीकेपेक्षा जड वाटतं.

मग मिडवेचं पण तपासायला घेतलं. त्या सकाळी आठच्या सुमाराला अमेरिकन बी-१७ बॉम्बरमधून काढलेल्या फोटोंत जपानी डेक जवळपास मोकळे दिसतात. त्यानंतर सतत हल्ले चालू, झीरो (जपानी लढाऊ विमानं) उतरतायत, परत उडतायत, अकागीवर १०:१० ला पण झीरो उतरलेत. आता मागे केट (टॉर्पेडो टाकणारी जपानी विमानं) रांगेत लावलेल्या असतील तर झीरो उतरणार कुठे?? लिफ्टने वर आणा, रांगेत लावा, इंजिनं गरम करा, याला पाऊण तास तरी लागतो. तेवढी मोकळीक मिळालीच नाही. केट खाली हँगरमध्ये होत्या, टॉर्पेडो लावून, इंधन भरून, म्हणून तर मधल्या लिफ्टजवळ पडलेल्या एका १००० पौंडी बॉम्बने अख्खं जहाज गेलं. जपानच्या अधिकृत युद्ध-इतिहासाने १९७१ लाच पुस्तकातलं चित्र खोडून काढलंय, इंग्रजी पुस्तकं मात्र पुढे कित्येक वर्षं तीच पाच मिनिटं उगाळत बसली.

आणि फुचिदा त्या दिवशी अकागीवरच होते हो, अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यामुळे उडता आलं नव्हतं. म्हणजे डेक त्यांनी डोळ्यांनी बघितलेला. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्या हँगरमध्ये जळून मेलेल्या मेकॅनिकांची हकीकत त्या एका नाट्यमय वाक्याखाली झाकली गेली.

तर डेकवर फक्त थोडे झीरो. केट सगळ्या हँगरमध्ये, आणि त्या दिसाव्यात म्हणून उजवीकडच्या हलचा (जहाजाच्या बाहेरच्या सांगाड्याचा) एक तुकडा कापून आतला वरचा हँगर उघडा ठेवणार आहे. कुणी या किटची हल कापली असेल तर कुठून सुरुवात केली ते सांगा, प्लास्टिक तिथे बरंच जाड आहे.