विहिरीतला शिंपला

दगड माझ्या टेबलावर यायच्या आधीच बातमी तयार होती. कोरेगाव तालुक्यातला एक तरुण शेतकरी, त्याची आजी आणि एका स्थानिक पेपरचा वार्ताहर असे तिघे विभागात येऊन बसले होते. नव्या विहिरीच्या खुदाईत समुद्रातला शिंपला निघाला, म्हणजे साताऱ्यात समुद्र होता. आता सरांनी फक्त हो म्हणायचं.

साताऱ्यात भूशास्त्र शिकवणाऱ्याकडे असे दगड येतच असतात. बहुतेक वेळा पाषाणाच्या पोकळ्यांतले पांढरे स्फटिक निघतात, आणि आणणाऱ्याला ते हिरे वाटत असतात. पण फडक्याची गाठ सुटली आणि मी चष्मा पुसला. खरोखरच शिंपला होता. तळहातात जेमतेम मावणारा, गुळगुळीत, आणि बिजागरीपाशी इतका जाड की टेबलावर ठेवला की त्याच बाजूला कलंडायचा.

"विहिरीला काय लागलं?"

"वर मुरूम, खाली काळा पाषाण."

मग हा शिंपला विहिरीतला नव्हेच. आपला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याच्याखाली तरी समुद्राचा गाळ असेल म्हणावं, तर कोयनेजवळ रासाटीला शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडून पाहिलंय: सुमारे ९३० मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. मधे गाळाचा थर नाहीच.

भिंगाखाली शिंपल्याच्या कडेला चिकटलेला खडक पाहिला. करडा, पिठासारखा बारीक गाळ, आणि त्यात रुतलेला बोराएवढा गुलाबी खडा. खरं सांगायचं तर शिंपल्यापेक्षा मी त्या खड्यातच रमलो. इतका बारीक गाळ संथ पाण्यात बसतो. असा खडा वाहून आणणारा प्रवाह तो गाळ तिथे टिकू देणार नाही. म्हणजे खडा वरून पडला. तरंगत्या हिमनगात अडकलेला, बर्फ वितळला तसा सुटून तळाशी गेलेला.

मग शिंपल्याचं नाव सांगायला वेळ लागला नाही. युरिडेस्मा. सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या थंड, उथळ समुद्रातला. लाटांच्या माऱ्यात टिकायला जाडजूड कवच घेतलेला. हा ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, नामिबिया, पाकिस्तानातली मिठाची डोंगररांग अशा आज एकमेकांपासून हजारो मैल दूर पडलेल्या ठिकाणी सापडतो. तेव्हा ही सगळी जमीन गोंडवन नावाच्या महाखंडात एकत्र होती, भारतही दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. हिमनद्या मागे हटल्या आणि त्यांच्या जागी समुद्र आत शिरला. भारतात या शिंपल्याची प्रसिद्ध जागा म्हणजे छत्तीसगडमधलं मनेंद्रगड, हसदेव नदीचा काठ.

"आजी, घरातलं कुणी मध्य प्रदेशाकडं नोकरीला होतं का?" (तेव्हा छत्तीसगड वेगळं नव्हतं.)

नातू "नाही" म्हणत होता तोवर आजी बोलल्या, "आमचं मालक चिरमिरीला कोळशाच्या खाणीत व्हतं की. येताना आणलेला त्यांनी. तुळशीत ठेवलेला."

चिरमिरी म्हणजे मनेंद्रगडच्या शेजारीच. जुनं घर पाडलं, तुळशीवृंदावनासकट राडारोडा विहिरीच्या काठावर टाकला, आणि खुदाईच्या ढिगात तो मिसळला. पोराने काही खोटं सांगितलं नव्हतं. त्याला दगड तिथेच मिळाला होता.

वार्ताहर हिरमुसला. मी त्याला म्हटलं, अहो, हिमनगातून पडलेला खडा कोरेगावच्या तुळशीत होता, याहून मोठी बातमी कुठली? "पण आपल्या जिल्ह्यातलं काय त्यात?" म्हणून तो कॅमेरा पिशवीत भरायला लागला. मनेंद्रगडची जागा १९८२पासून राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तिथून आता खडाही उचलायचा नाही, एवढं तरी छापा म्हटलं. त्याने मान हलवली, लिहून मात्र घेतलं नाही.

नमुना विभागाला द्याल का, असं मी आजींना विचारलं. त्यांनी फडक्याची गाठ मारली.

"फोटू काढा, ठसा घ्या. दगड न्हाय मिळायचा. नवी तुळस बांधायचीय."