तोट्याच्या वर्षातले ९० लाख

मार्च २०२१ चा शेवटचा आठवडा. चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कंपनीत सीएसआर (कंपनीने कायद्याने करायचा सामाजिक कामांवरचा खर्च) समितीची ऑनलाइन बैठक सुरू झाली आणि फायनान्सच्या साहेबांनी पहिल्याच वाक्यात विषय काढला. "अहो मॅडम, या वर्षी आपण तोट्यात आहोत. मग सीएसआर कशाचा?"

शंका रास्त, पण कायदा चालू वर्षाकडे बघतच नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मागच्या आर्थिक वर्षात निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी अट बसली तरी कंपनी कक्षेत येते. आणि रक्कम म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के. आमचा नफा २०१७-१८ ला ६२ कोटी, २०१८-१९ ला ५८ आणि वाहन उद्योग थंडावला त्या २०१९-२० ला १५. बेरीज १३५, सरासरी ४५, म्हणजे ९० लाख. टाळेबंदीतला तोटा या हिशेबात कुठेच येत नाही.

साहेबांच्या शीटवर मात्र आकडा ६० लाखांच्या आसपास होता. त्यांनी कर भरल्यानंतरचा नफा धरला होता. सीएसआरसाठी नफा कलम १९८ प्रमाणे काढतात, तो करापूर्वीचा. हा घोळ फार सर्रास होतो, कारण नफा-तोटा पत्रकातली शेवटची ओळ डोळ्यांसमोर असते आणि तीच उचलली जाते.

खरी मेख पुढच्या वर्षात होती. आमची उलाढाल हजार कोटींच्या बरीच खाली, निव्वळ संपत्तीही पाचशेच्या आत. म्हणजे आम्ही कक्षेत येतो ते फक्त नफ्याच्या अटीमुळे. २०२०-२१ तोट्यात गेलं की २०२१-२२ मध्ये कलम १३५ च्या निकषाप्रमाणे एक रुपयाही देणं लागत नाही. हातात पैसा नाही तेव्हा पूर्ण ९० लाख आणि त्यानंतर एकदम शून्य. चांगल्या वर्षांच्या जोरावर सुरू केलेली कामं नेमकी या खड्ड्यात बंद पडतात. टक्केवारीचा नियम लिहिणाऱ्यांनी गावपातळीवरचा एकही कार्यक्रम चालवून पाहिला नसावा, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आता खर्च. ३१ मार्चपर्यंत ५० लाख लागणार होते. फिरत्या दवाखान्याचे २४, ग्रामीण रुग्णालयाला पीपीई किट आणि ऑक्सिजनचं साहित्य व गावांत शिधा मिळून १४, मुलींच्या नर्सिंग सहायक प्रशिक्षणाचे १० आणि प्रशासकीय खर्चाचे २. उरलेले ४० लाख जिल्हा परिषदेच्या शाळांच्या वर्गखोल्यांसाठी मंजूर होते, पण शाळा बंद, ठेकेदाराचे मजूर गावी गेलेले, पायाही खणलेला नव्हता.

या ४० लाखांवर सूचनांचा पाऊस पडला. एचआर म्हणाले, टाळेबंदीत घरी बसलेल्या कामगारांना पगार दिला तो धरा. तो धरता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने एप्रिल २०२० च्या खुलाशातच सांगितलं होतं की तो पगार ही मालकाची जबाबदारी, सीएसआर नव्हे. मुख्यमंत्री सहायता निधीला देऊ या, असं एक संचालक म्हणाले. तोही त्याच खुलाशात बाद. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेले चालतात. मार्केटिंगला लोगो छापलेले मास्क वाटायचे होते, त्यावर मी फार वेळ घालवला नाही.

शेवटची सूचना सगळ्यात धोक्याची. "३१ तारखेला काम करणाऱ्या संस्थेच्या खात्यात ४० लाख टाका, खर्च झाला." पूर्वी कित्येक ठिकाणी असंच चालायचं. २२ जानेवारी २०२१ पासून नियम बदलले. दिलेला पैसा ठरलेल्या कामावर लागला याची खात्री संचालक मंडळाने करायची आणि तसा दाखला सीएफओने, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखाने, सही करून द्यायचा. संस्थेच्या बँकेत पडून असलेल्या पैशावर सही करणार कोण? साहेबांनी लगेच मान हलवली.

त्याच दिवसापासून न खर्चलेल्या रकमेचाही निकाल लागला होता. चालू, म्हणजे बहुवार्षिक प्रकल्पाची रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत 'अनस्पेंट सीएसआर' या वेगळ्या खात्यात टाकायची आणि तीन आर्थिक वर्षांत वापरायची. बाकीची रक्कम सहा महिन्यांत पीएम केअर्स, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी अशा कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या एखाद्या निधीत भरायची. चुकलं तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातलं कमी असेल तेवढा दंड, आणि जबाबदार अधिकाऱ्याला वेगळा.

वर्गखोल्यांना चालू प्रकल्प म्हणता येत नव्हतं, कारण काम सुरूच झालं नव्हतं. दवाखाना मात्र चालू होता. मी त्याचा महिन्याचा खर्च स्क्रीनवर ठेवला: डॉक्टर ६५,००० रुपये, नर्स २२,०००, फार्मासिस्ट १८,०००, ड्रायव्हर १६,०००, औषधं ५५,०००, डिझेल १४,०००, गाडीची देखभाल ८,०००, नोंदणीचा टॅब आणि डेटा २,०००. एकूण २ लाख.

"निम्म्याहून जास्त पगारच आहेत. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे ना?" एका संचालकांनी विचारलं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. गाडीतली नर्स म्हणजेच तो प्रकल्प. आर्थिक ओढ लागली की पहिली कात्री पगारावर चालते, कारण इमारतीवर पाटी लावता येते आणि पगारावर येत नाही. पण गाडीकडून शुगरच्या मेटफॉर्मिन आणि बीपीच्या ॲम्लोडिपिनच्या ३० दिवसांच्या गोळ्या नेणाऱ्या माणसाचा एक महिना चुकला, तर तो दुसरीकडे जाऊन गोळ्या आणत नाही. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी गेलं, असं समजून सोडून देतो. वर्गखोली वर्षभर थांबली तरी नंतर बांधता येते.

साहेबांचा शेवटचा मुद्दा खरोखरच वजनदार होता. "कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जातून, १० टक्क्यांनी उचल करायची आणि ४० लाख बिनव्याजी खात्यात झोपवून ठेवायचे?"

मी दोन तारखा मांडल्या. निधीत भरायचे तर ३० सप्टेंबरपर्यंत, वेगळ्या खात्यात टाकायचे तर ३० एप्रिलपर्यंत. पैसे दोन्हीकडे जाणारच. फरक पाच महिन्यांच्या व्याजाचा, म्हणजे साधारण १ लाख ६७ हजार. तेवढ्यात दवाखान्याचे २० महिने सुरक्षित होतात: २०२१-२२ चे २४ लाख आणि पुढचे आठ महिने १६ लाखांत, नोव्हेंबर २०२२ पर्यंत. साहेबांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर आकडा पडताळला आणि "ठराव करा" म्हणाले.

ठराव ३१ मार्चच्या आत होणं गरजेचं होतं आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट हव्या होत्या. वार्षिक कृती आराखड्यात समितीच्या शिफारशीवरून बदल, सकारण. आणि दवाखान्याची मुदतवाढ करून त्याला बहुवार्षिक प्रकल्पाची मान्यता, तीही सकारण. कारण म्हणून नुसतं 'कोविडमुळे' लिहून भागत नाही. आम्ही रुग्णनोंदणीचे आकडे आणि औषधं घेणाऱ्यांची यादी (नावं वगळून) जोडली.

खातं उघडताना अडलंच. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कॅश क्रेडिट घेतलेल्या कंपन्यांना नवं चालू खातं देण्यावर बंधनं घातली होती, त्यामुळे शाखेने आधी नकार दिला. कायद्याने बंधनकारक असलेल्या खात्यांना डिसेंबर २०२० च्या खुलाशात सूट होती. ते पत्रक, कलम १३५(६) ची प्रत आणि सह्यांच्या अधिकाराचा ठराव दिल्यावर काम झालं. हे खातं प्रत्येक आर्थिक वर्षासाठी वेगळं लागतं, प्रकल्पागणिक नाही. एप्रिलमध्ये राज्यात पुन्हा निर्बंध आले, शाखेत निम्मे लोक, तरी पैसे मुदतीत वर्ग झाले.

संस्थेबरोबरच्या करारात तीन कलमं नव्याने घातली. हप्ता तिमाही, मागच्या हप्त्याचा यूसी (पैसे वापरल्याचा दाखला) आल्यावरच पुढचा. पगाराच्या सदरातून दुसऱ्या सदरात वळतं करायचं तर आधी लेखी परवानगी. आणि नोव्हेंबर २०२२ नंतर निधी नसेल असं दिसलं, तर सहा महिने आधी कळवायचं, आणि बीपी-शुगरच्या प्रत्येक रुग्णाचं कार्ड त्याच्या संमतीने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदवून मगच गाडी थांबवायची.