तुम्ही विचारलंत म्हणून: मोनोकार्पिक म्हणजे नेमकं काय?

पावसाळ्यात कारवी, म्हणजे आपल्या डोंगरउतारांवरचं जांभळ्या फुलांचं झुडूप, दाखवायला ग्रुप घेऊन गेले की कुणीतरी विचारतंच, मॅडम मोनोकार्पिक म्हणजे वर्षातून एकदाच फुलणारं झाड ना? कुणी म्हणतं सात वर्षांनी फुलणारं ते मोनोकार्पिक. माझ्या बारावीच्या पोरांचा तर हा शब्द आणि मोनोकार्पेलरी यांच्यात हमखास घोळ होतो, पण मोनोकार्पेलरी म्हणजे एकाच कार्पेलचा (फुलातल्या स्त्रीकेसराचा) बीजकोश असलेलं फूल, वाटाण्यासारखं, त्याचा झाडाच्या आयुष्याशी काही संबंध नाही. तर एकदा नीट लिहूनच टाकते.

मोनो म्हणजे एक आणि कार्पोस म्हणजे फळ, दोन्ही ग्रीक. जे झाड आयुष्यात एकदाच फुलतं, फळतं आणि मग मरतं ते मोनोकार्पिक. या शब्दात वर्षं मोजलेलीच नाहीयेत हो, फळणं किती वेळा ते मोजलंय. म्हणून चार महिन्यांत संपणारी ज्वारी पण मोनोकार्पिक, हरभरा पण, आणि कित्येक दशकं नुसता वाढत राहून एकदाच फुलणारा बांबूही त्यातलाच. आंबा दरवर्षी मोहरतो, तो पॉलिकार्पिक.

हे मरणं म्हणजे काय असतं ते बघायचं असेल तर मुळा बघा. परसात लावला असेल आणि वेळेत उपटला नाही तर मधून दांडा येतो, फुलं येतात, मग डिंगऱ्या लागतात, डिंगऱ्यांची भाजी आपण आवडीने खातो पण तेव्हा खालचा मुळा उपटून बघा, आत नुसती जाळी झालेली असते, दोरे दोरे, कारण साठवलेलं सगळं वर शेंगांत गेलेलं असतं. ते झाड आजारी नसतं, त्याला कीड लागलेली नसते, जे होतं ते बियांना देऊन मोकळं झालेलं असतं.

केळीचं विचारतात लोक. घड उतरवला की तो खुंट संपतो पण कंद जिवंत असतो आणि बाजूला मुनवे येतातच, म्हणून अख्खं झाड मोनोकार्पिक म्हणणं मला पटत नाही, खुंटापुरतं म्हणा. असं फक्त त्या खोडापुरतं बोलायचं असेल तर बॉटनीत हापाझँथिक म्हणतात, ताडामाडांच्या बाबतीत हा शब्द जास्त ऐकाल. कोकणातला भेरली माड घ्या, तो आधी शेंड्याला फुलोरा काढतो मग त्याच्या खाली मग त्याच्या खाली, असं करत काही वर्षं फुलत फुलत खाली येतो आणि शेवटचा फुलोरा झाला की वाळतो. म्हणजे एकदाच फुलणं हे काही एका दिवसाचं किंवा एका सीझनचंच असतं असंही नाही.

आता कारवी, कारण खरा प्रश्न तिचाच असतो. मुंबईच्या आसपास, बोरिवलीच्या जंगलात, येऊरला, ती 2008 ला फुलली, 2016 ला फुलली आणि 2024 ला. मग लोक म्हणतात अहो हे तर आठ झाले, सगळे सात का म्हणतात? माझ्या मते दोन्ही बरोबर आहे. 2016 ला फुललेल्या कारवीची बोंडं झाडावरच वाळली, हिवाळा उन्हाळा तशीच राहिली, आणि 2017 चा पाऊस आला तेव्हा ओल पिऊन फुटली, बी तेव्हा जमिनीवर पडलं आणि रुजलं. ते रोप 2024 ला फुललं तेव्हा सात वर्षांचं होतं. दोन बहरांत अंतर आठ, झाडाचं वय सात.

हा हिशोब मी मुद्दाम सगळ्यांना करायला लावते, कारण सात वर्षांनी परत फुलते असं ऐकलं की वाटतं तेच झुडूप परत फुलणार आहे. नाही हो. 2016 ला तुम्ही ज्या झुडपाशेजारी फोटो काढलात ते आता नाहीये, त्याच्या काठ्या झाल्या, कुजल्या, 2024 ला जे जांभळं दिसलं ते त्याच्या बियांचं. आणि म्हणूनच फोटोसाठी फांदी वाकवून मोडली, केसात माळायला तुरा तोडला की मला मनापासून त्रास होतो. आंब्याचा मोहर गळला तर पुढच्या वर्षी परत येतो, कारवीला पुढचं वर्ष नाही. सगळं रान एकदम फुलतं ते यासाठीच, की इतकं बी पडावं की किड्यामुंग्यांनी, उंदरांनी पोटभर खाऊनही रुजायला उरावं, आणि त्या उरण्यात तुम्ही मोडलेल्या फांदीचंही बी असू शकलं असतं.

फुलं बघायला सप्टेंबरात गर्दी होते, पण पुढच्या जूनला यायला कुणी तयार नसतं. मी 2025 च्या जूनमधे गेले होते. अख्खा उतार करड्या काठ्यांचा, आणि पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर त्या काठ्यांतून तडतड आवाज, इकडे एक, तिकडे दोन, मग चहूकडून. एक वाळकं बोंड तळहातावर धरून त्यावर पाण्याचे थेंब टाकले, थोडा वेळ काहीच नाही आणि मग टचकन फुटलं, चपटं बी उडून माझ्या बाहीला चिकटलं. ते तिथेच खाली मातीत ठेवलं. रुजलं असेल तर 2032 ला फुलेल.