तुम्ही विचारलंत म्हणून: रंगीत ढोबळीला एवढे पैसे का मोजायचे?

शनिवारी गंगापूर रोडला भाजीचं टेबल लावते, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. हिरवी ढोबळी शेजारीच मांडलेली असते. दोन्हींचे भाव बघून कुणीतरी म्हणतंच, "ताई, ह्या लाल-पिवळीत असं काय आहे हो? रंगाचेच पैसे ना?" मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, त्यामुळे तिथे अर्धंच उत्तर देऊन होतं.

हो, रंगाचेच. फक्त तो रंग चढायला काय लागतं तेही ऐका. हिरवी ढोबळी म्हणजे पूर्ण वाढलेलं पण कच्चं फळ. तेच झाडावर राहू दिलं की जातीप्रमाणे लाल, पिवळं किंवा केशरी होतं. त्यासाठी दोन ते चार आठवडे जास्त लागतात. निफाड-दिंडोरीकडे थंडी पडली की रंग आणखी रेंगाळतो. तोवर झाडावर भार, फुलकिड्यांची धास्ती, आणि तेवढे दिवस नवी फळंही कमी धरतात. म्हणून पॉलिहाऊस, म्हणून भाव. आणि एक, हिरवीगार तोडलेली ढोबळी घरी ठेवून नीट लाल होत नाही. टोमॅटोसारखा हिचा स्वभाव नाही. रंग फुटायला लागल्यावर तोडलेली असेल तरच पुढे चढतो.

आता पोटात काय जातं ते. 100 ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळीत साधारण 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, लालमध्ये 130 च्या आसपास, पिवळीत 180 च्या पुढे. जात आणि ताजेपणाप्रमाणे आकडे हलतात. आपल्याकडे बाईमाणसाला दिवसाला 65 आणि पुरुषाला 80 मिलिग्रॅम पुरे धरतात, म्हणजे मोठी लाल ढोबळी अर्धी कच्ची खाल्ली तरी काम झालं. हंगेरीतल्या सेंट-ग्यॉर्गी नावाच्या शास्त्रज्ञाने क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात काढलं तेही लाल मिरचीतूनच, आणि 1937 चं नोबेल मिळालं. आपल्या मिरचीला एवढा मान असल्याचं मला फार उशिरा कळलं.

पण सगळ्या रंगांना एकाच मापात तोलू नका. बीटा कॅरोटिन, ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, ते लालमध्ये हिरवीच्या सात-आठपट असतं, तर पिवळीत हिरवीपेक्षाही कमी. केशरीमध्ये झिअॅझँथिन भरपूर, डोळ्यांच्या पडद्यावर साठणारं ते द्रव्य. मी घरासाठी एकच उचलायची झाली तर लाल उचलते. "मग ती गोड, मधुमेहाला चालेल का?" हेही विचारतात. 100 ग्रॅमला चार-साडेचार ग्रॅम साखर. चालेल, सफरचंदात याच्या दुपटीहून जास्त असते.

खरी गंमत कढईत होते. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, पाण्यातही उतरतं. उकडून पाणी ओतून देणाऱ्या माणसाला मी रंगीत ढोबळी विकू नये, इतकं मला वाटतं. कॅरोटिनचं मात्र उलट, थोडं तेल सोबत असलं तर ते अंगी जास्त लागतं. त्यामुळे मी लालची अर्धी फोड कच्ची कापते आणि अर्धी फोडणीत, शेवटची दोन मिनिटं. पीठ पेरून करायची ढोबळी मात्र हिरवीच हवी, त्या किंचित कडवटपणाशिवाय बेसनाला चव नाही. तिथे लाल घालणं म्हणजे पैसे वाया.

आणि मिसळ. नाशकात राहून मिसळ सोडा असं कोण सांगणार? मटकीतलं लोह शरीर सहज घेत नाही, सोबत क जीवनसत्त्व असलं तर जास्त घेतं. वर कांद्याबरोबर कच्ची लाल ढोबळी बारीक चिरून घाला, फरसाणाची मूठ थोडी कमी. लिंबाची फोडही हेच काम करते, म्हणून ती ताटात सोडून उठू नका.

आता धंद्याला मारक गोष्टही सांगते. तुम्हाला फक्त क जीवनसत्त्वच हवं असेल तर पेरू घ्या. 100 ग्रॅमला 200 मिलिग्रॅमच्या वर, आणि हंगामात ढोबळीपेक्षा स्वस्त. माझ्याच टेबलाच्या पलीकडे एक आजी विकतात, त्यांच्याकडून घेतलेत तरी मला राग नाही.

राहिलं ते तीन उंचवटे आणि चार उंचवट्यांचं. तळाला चार असलेली मादी, तीन असलेला नर, मादी गोड, अशी फॉरवर्ड दर महिन्याला कुणीतरी मला दाखवतं. फळात नर-मादी नसतात. उंचवटे जातीवर आणि वाढीवर असतात, एकाच झाडावर तीनचं आणि चारचं दोन्ही लागतं. देठ हिरवा, साल ताठ आणि हातात वजन लागेल अशी घ्या, उंचवटे मोजत बसू नका.